कमलिनीचा निकाल सानगडीत लागला

केबलचा व्यवसाय मी कसा सुरू केला, याचा क्रमवार इतिहास येथे देत नाही. साकोलीच्या एका विनाअनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. अनुदानाची वाट पाहून थकलो आणि एके दिवशी खडू ठेवून पक्कड उचलली, एवढी माहिती पुरे. शाळा सुटली, पण संबोधन सुटले नाही. लोक मला 'केबल गुरुजी' म्हणू लागले, आणि धंदा बंद करून इतका काळ लोटला तरी अजून म्हणतात. त्या वर्षांतले पुष्कळ प्रसंग सांगण्यासारखे आहेत. त्यांतला एक मी आज निवडला आहे. माझ्या व्यवसायातला तो सर्वांत मोठा विजय होता, आणि त्यात माझा वाटा थोडाच होता.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आमचा भंडारा जिल्हा आटोपशीर झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा घरोघरी डिशच्या छत्र्या किंवा टीव्हीखालचे सेट-टॉप डबे नव्हते. गावात एका खोलीवर मोठ्या डिश बसवलेल्या असत. त्या आकाशातल्या उपग्रहाकडून वाहिन्या गोळा करत. खोलीतली यंत्रे त्या सर्व वाहिन्या एका तारेत घालत आणि ती तार खांबाखांबांवरून, झाडाझाडांवरून घरोघर जाई. वाटेत संकेत क्षीण होतो, म्हणून ठराविक अंतरावर तो वाढवणारी लहान पेटी बसवावी लागते. मोठ्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नसेल, तर मधल्या बाकावरच्या मुलाने शिक्षकाचे वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणावे, तसे त्या पेटीचे काम. अडचण एवढीच की तिला वीज लागते, आणि वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी येई. शिवाय नागझिऱ्याच्या बाजूने येणारी वानरे. त्यांना माझी तार आणि वडाची पारंबी यांतला फरक कधीच पटला नाही.

केबलवाल्याकडे लोक किती अधिकाराने मागणी करत, याचा एक नमुना देतो. साकोलीत एक सेवानिवृत्त वनपाल होते. बातम्यांचा आवाज कमी येतो, अशी त्यांची तक्रार. मी घरी जाऊन त्यांना टीव्हीचे बटण दाखवले. ते म्हणाले, "बटन मले माहीत हाय जी. पण मी बटन वाढवलं का मंग खेळाच्या वाहिनीचा बी वाढते. तुमी तिकडूनच फक्त बातम्याचा वाढवा ना." हसू आले, पण परत येताना लक्षात आले की त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. प्रत्येक वाहिनीच्या आवाजाची पातळी माझ्याच खोलीतल्या यंत्रावर ठरत होती. मी बातम्यांचा आवाज वाढवून दिला. परिणाम असा झाला की टीव्हीवर जे जे दिसते, ते ते गुरुजींच्या हातात आहे, हे साऱ्या तालुक्यात पक्के झाले.

त्यातच माझी स्थानिक वाहिनी होती. प्रत्येक केबलचालकाची असे. तिच्यावर आम्ही चित्रपटांच्या तबकड्या लावत असू, वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असू, हरवलेल्या म्हशीची खबर देत असू आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरली की तिथल्या नाटकांचे चित्रण दाखवत असू. त्यासाठी मी एक कॅमेराही घेतला होता. मुख्य खोली साकोलीत होती. सानगडीत भाड्याच्या खोलीत दुसरी, लहान.

सानगडीच्या विणकर मोहल्ल्यात कौसल्याबाई नावाच्या वयस्क बाई राहत. पती हयात नव्हते. घरात मोठी मागाची खोली होती. एक माग अजून उभा होता आणि बाकी जागा मोकळी. दुपारी दोन वाजता मोहल्ल्यातल्या बाया आपापले रहाट घेऊन त्या खोलीत जमत. रहाटावर सूत भरून मागाला लागणाऱ्या कांड्या तयार करायच्या आणि समोर टीव्हीवर मालिका पाहायची, असा रिवाज. हात कामात आणि डोळे पडद्यावर. काम होत असल्यामुळे घरच्यांना बोलायला जागा राहत नसे. भारनियमन असले तरी बैठक मोडत नसे: ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा एक लहान कृष्णधवल टीव्ही बायांनी मिळवला होता, आणि त्यांनी मला इतके फैलावर घेतले होते की त्या मोहल्ल्याच्या खांबावरच्या पेटीला मीही बॅटरी जोडून दिली होती. संपूर्ण व्यवसायात अशी सोय मी दुसऱ्या कोणाला दिली नाही.

मालिकेचे खरे नाव लांबलचक होते. आमच्याकडे सगळे तिला नायिकेच्या नावाने 'कमलिनी'च म्हणत. कमलिनी ही मोठ्या घरची सून. खोटा आळ घेऊन सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले होते, आणि त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे की नाही, याचा खटला चालू होता. मालिका कित्येक वर्षे चाललेली. ज्या मुली परकर-पोलक्यात ती पाहू लागल्या, त्या आता कडेवर मूल घेऊन पाहत होत्या. एका शुक्रवारी न्यायाधीशांनी चष्मा काढला, "यह अदालत इस नतीजे पर पहुँची है कि…" एवढे म्हटले, आणि चित्र थिजले. सोमवारी दोन वाजता त्या जागी एक मनुष्य बिनतेलाचा तवा विकत होता. मंगळवारीही तोच.

माझा फोन वाजू लागला. मी यंत्रे तपासली, दोष नव्हता. वाहिनीच्या वितरकाला विचारले. तो म्हणाला, "बंद झाली. वरून." यापेक्षा अधिक त्यालाही ठाऊक नव्हते.

बुधवारी सानगडीहून येणारी बस साकोलीच्या स्थानकावर थांबली आणि तिच्यातून बायांचा जथा उतरला. मुख्य बटण साकोलीत आहे, अशी त्यांची समजूत. पुढे कौसल्याबाई. मागे त्यांच्या धाकट्या जाऊबाई गोदावरीबाई आणि गोदावरीबाईंची सून रेखा. गोदावरीबाईंचे यजमान दामोधरजी सुताचे व्यापारी. मोहल्ल्यात त्यांचा शब्द मोठा. त्या दिवशी ते सूत आणायला नागपूरला गेले होते, म्हणून हा प्रवास घडला. माझ्या खोलीत मावतील तेवढ्या आत आल्या, बाकीच्या दारात.

"गुरुजी, कमलिनी काहून बंद केली?" कौसल्याबाईंनी थेट विचारले.

"मी बंद केली नाही, बाई."

"मंग कोण केली? म्हशीची खबर कोण देते? पिक्चर कोण लावते? तुमीच ना?"

"त्या फॉरेस्टवाल्या बुढ्याचा आवाज वाढवून देल्ला," मागून कोणीतरी म्हणाले, "आन आमची सिरीयल काटली!"

माझ्या खोलीत शाळेचा एक जुना फळा होता. बिघाडाचे नकाशे काढायला मी तो वापरत असे. मी खडू घेतला आणि वर्ग सुरू केला. फळ्यावर तलाव काढला, त्याच्या पाळीवर दरवाजा, पुढे पाट, आणि पाटाच्या टोकाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते. "हे पाणी म्हणजे मालिका," मी म्हणालो. "ती मुंबईच्या तलावात साठते. मी पाटकरी आहे. दरवाजा उघडतो, पाणी तुमच्या बांधीत सोडतो. पाट फुटला तर तो बुजवणे माझे काम. पण तलावातच पाणी सोडले नाही, तर पाटकरी काय करील?"

आमच्या भागात तलाव आणि पाट समजावून सांगावा लागत नाही. कौसल्याबाई फळ्याकडे बघत राहिल्या.

"पण तलाव काहून आटवला थ्याईनं? आमी त रोज पाहत होतो."

येथे मला या व्यवसायातली एक खंत सांगावी लागली. कोणती मालिका किती लोक पाहतात, हे वाहिन्या मोजतात. पण त्यासाठी सगळ्यांना विचारत नाहीत. निवडक घरांत मोजणीची एक पेटी बसवतात आणि त्यावरून अंदाज करतात. त्या पेट्या तेव्हा मोठ्या शहरांत असत. आमच्या तालुक्यात अशी पेटी असल्याचे मी कधी ऐकले नाही. शहरात दुपारी दोन वाजता कमलिनी कोणी पाहीनासे झाले असेल, म्हणून ती बंद झाली असावी.

"म्हंजे," कौसल्याबाई सावकाश म्हणाल्या, "आमी इतके वर्स पाह्यलं, आन आमाले पाहतानी कोणीच पाह्यलं नाई?"

मग त्यांनी माझ्याच फोनवरून वाहिनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. यंत्रातली बाई हिंदीत 'एक दबाइए, दो दबाइए' म्हणत राहिली. गोदावरीबाईंनी फोन हातात घेऊन तिला चांगले सुनावले, "माय, तू आधी बोलणं बंद कर, मंग आमी दाबतो!" यंत्रातल्या बाईने ऐकले नाही.

या गलबल्यात रेखा माझ्या टेबलाजवळ आली. मोहाडीकडच्या करडी गावची मुलगी. धानाच्या शेतीत वाढलेली, लग्न होऊन विणकरांत आलेली. हळूच म्हणाली, "गुरुजी, दुसरी कोनती बी सिरीयल त्याच टायमाले लावून द्या ना. नाई त आमचं बसणं मोडते."

"तुम्हाला कमलिनीच हवी असे नाही?"

"मले कोनती बी चालते. आत्याबाई येतेत म्हणून मले येऊ देतेत. थ्या नाई आल्या का माहं बी बंद. घरात मी सून हावो. थ्या मागाच्या खोलीत मले सगळे रेखा म्हणतेत."

हे तिच्या आत्याबाईंच्या, म्हणजे सासू गोदावरीबाईंच्या, कानी पडले. त्या रागावल्या नाहीत; पण आपला निर्णय त्यांनी तिथेच सांगून टाकला. "मी दुसरं काई पाहणार नाई. तव्यावाला त नाईच नाई. आधी मले कमलिनीचा निकाल पायजे."

आता प्रश्न मला नीट कळला. दुपारचा तो तास टिकायचा तर गोदावरीबाई यायला हव्यात. त्या यायच्या तर निकाल हवा. आणि निकाल देणारे न्यायाधीश तर मुंबईत तोंड उघडून थिजले होते. गणित सुटण्यासारखे नव्हते.

ते सोडवले कौसल्याबाईंनी. फळ्यावरच्या तलावाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हा तलाव त आटला. पण गुरुजी, तुमच्या घरची विहीर हाय ना?"

"कोणती विहीर?"

"जिच्यातून म्हशीची खबर येते, थे. थ्याचं पाणी त तुमीच सोडता? मंग निकाल आमी लावतो. तुमी तेवढा दाखवजा."

वाचकहो, शिक्षकाला आनंद केव्हा होतो, हे शिक्षकच जाणतो. दिलेले उदाहरण विद्यार्थ्याने उचलावे, आणि ते घेऊन आपल्या पुढे निघून जावे. मी खडू खाली ठेवला.

मी काही अटी घातल्या. मालिकेचे नाव घ्यायचे नाही, तिची गाणी वाजवायची नाहीत, पात्रांची नावे बदलायची. कारण पुढची कल्पना आमची असली तरी मागची दुसऱ्याची होती. बायांनी सर्व मान्य केले. कमलिनीचे नाव बदलून त्यांनी 'मालिनी' ठेवले, आणि बोलताना सगळ्या कमलिनीच म्हणत राहिल्या.

दामोधरजी नागपूरहून परतले आणि प्रकरण त्यांच्यापर्यंत पोहोचले. मी सानगडीत चित्रणाची जागा पाहायला गेलो होतो, तेव्हा ते मागाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत येईनात.

"गुरुजी, तुमी शिकलेले माणूस. सिरीयल बंद झाली, बरं झालं होतं. बाया घरी राह्यल्या असत्या. तं तुमी आता घरच्या बायाच टीवीवर दाखवून राहिले?"

मी समजावणीचा सूर लावणार होतो, पण कौसल्याबाईंनी रहाट थांबवला. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा दामोधरजी शेंबडे पोर होते, म्हणून त्या त्यांना नावानेच हाक मारत.

"दामोधर, मले एक सांग. तू दंडारीत बाईचं सोंग घेत होतास का नाई?"

दंडार हे आमच्या झाडीपट्टीतले लोकनाट्य. मंडईच्या दिवसांत रंगते आणि त्यातली स्त्रीपात्रे पूर्वापार पुरुषच करत आलेले. दामोधरजी तरुणपणी त्यातले नावाजलेले नट होते, हे मला त्या दिवशी कळले.

"घेत होतो. तवाची गोष्ट येगळी."

"माहंच लुगडं नेसून जात होता. पाच गावचे माणसं पाहत होते. तू बाई होऊन नाचला तवा घराची अब्रू वाढली. आन तुही बायको बाईच हाय, थे बाईचं सोंग घेते तं अब्रू जाते काय रे?"

खोलीतल्या सगळ्या बाया रहाटांवर वाकून हसू लागल्या. दामोधरजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि "माहं काय जाते, करा" असे म्हणून निघून गेले. संमती नव्हती, पण मनाईही नव्हती.

भूमिका ठरवताना भांडण होईल असे मला वाटले होते. झाले नाही. खाष्ट सासू मीच करणार, असे गोदावरीबाईंनी सांगून टाकले. "टीवीवाल्यांनी थिले लय वंगाळ दाखवली. सासूच्या बाजूनं बी काई असते." त्या येणार, म्हणून रेखा येणार, आणि इतर कोणी पुढे होईना, म्हणून मालिनी रेखाच झाली. न्यायाधीश कौसल्याबाई. वकिलांची निवड करू या, असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, "वकील कायले? दोघी बी तोंडानं बोलतेत ना?"

न्यायालय मागाच्या खोलीतच उभे राहिले. आमच्याकडच्या मागाला जमिनीत खड्डा असतो. विणकर त्यात पाय सोडून बसतो. रेखाला त्या खड्ड्यात उभे केले. मागाच्या पुढच्या आडव्या लाकडावर तिने हात ठेवले आणि कॅमेऱ्यातून पाहिले तर तो साक्षात साक्षीदाराचा पिंजरा दिसत होता. न्यायाधीशांच्या हातात हातोडा नव्हता. कौसल्याबाईंनी धोटा घेतला, उभ्या ताण्यातून इकडून तिकडे सूत नेणारा तो लाकडी धोटा. बसायच्या लाकडी पाटावर त्याचा आवाज हातोड्याहून खणखणीत येई.

संवाद कोणी लिहिले नव्हते. ठरले एवढेच होते की सासू आरोप करील, सून उत्तर देईल आणि न्यायाधीश सुनेला घरात घेण्याचा हुकूम देतील. मी कॅमेरा सुरू केला.

गोदावरीबाईंनी आरोपांची अशी फैर झाडली की दारातली पोरे मागे सरली. सून उलटून बोलते, सून भात करपवते, सुनेचे लक्ष घरात नसते. यांतले किती मालिनीबद्दल होते आणि किती रेखाबद्दल, ते मी सांगू शकत नाही. मग कौसल्याबाईंनी धोटा आपटला. "मालिनी, बोल. तुले घर पायजे?"

रेखाने "हो" म्हणायचे होते. तिने आधी न्यायाधीशांकडे तोंड वळवले. मग म्हणाली,

"जजसाहेब, घरात घेतलं तं मी राहीन. पण दार आतून लावलेलं घर मले नोको. मी दुपारी बाहेर जाईन आन काम करून वापस येईन. हे मंजूर असंल तं निकाल द्या. नाई तं मी अशीच बरी."

असे काही ठरलेले नव्हते. रहाट थांबले. गोदावरीबाई कॅमेरा विसरल्या. त्या सरळ रेखाकडे वळल्या.

"तुले कोणी अडवलं काय माय? मीच तं घेऊन येतो रोज."

"आन तुमी आल्या नाई तं, आत्याबाई?"

"मी नाई आली तं…" गोदावरीबाई थांबल्या. दारातल्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या, मी पाहत होतो, कॅमेरा पाहत होता. "मी नाई आली तं तू एकटी येजो. काय खाऊन राहिलं काय तुले कोणी?"

धोटा असा आपटला की माझ्या चित्रणात त्या ठिकाणी आवाज फाटला आहे. "सासूनं भर कोर्टात कबूल केलं!" कौसल्याबाई गरजल्या. "कोर्टाचा हुकूम आहे. सुनेनं घरात राहावं, आन रोज दुपारी दोन वाजता या खोलीत हजर राहावं. सासू आली तं बरं, नाई आली तं सुनेनं एकटीनं यावं. पाऊस असो, लाइन असो का नसो. निकाल लागला!"

मी कॅमेरा बंद केला. गोदावरीबाई भानावर आल्या आणि माझ्या जवळ आल्या. "गुरुजी, शेवटचं थे माहं बोलणं… थे काटता येते काय?"

"येते," मी खरे ते सांगितले. "काढायचे का?"

त्यांनी मागे वळून पाहिले. रेखा अजून खड्ड्यातच उभी होती आणि दोघीतिघी तिला हात देऊन वर ओढत होत्या. सगळ्या एकदमच बोलत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडी तिचे नाव होते.

"राहू द्या," गोदावरीबाई म्हणाल्या. "बोलली तं बोलली. आता सगळा गाव पाहीन, म्हंजे मले बी फिरता नाई येणार."

पुढच्या सोमवारी दुपारी दोन वाजता, बिनतेलाच्या तव्याच्या वेळेवर, मी स्थानिक वाहिनीवर ते चित्रण लावले. साकोलीत लावायला माणूस होता. मी स्वतः सानगडीच्या खोलीत बसलो. यंत्रांच्या घरघरीत बाहेरचे काही ऐकू येत नसे, परंतु त्या दिवशी ऐकू आले. निकालाच्या जागी मोहल्ल्यातून असा ओरडा उठला की समोरच्या पानठेल्यावरचे पुरुष रस्त्यावर आले. त्यानंतर फोन सुरू झाले. सानगडीचे, साकोलीचे. माझ्या अनुभवात केबलवाल्याला फोन येतो तो चित्र दिसत नाही म्हणून. चित्र दिसले म्हणून फोन येण्याचा तो पहिला दिवस. वनपालसाहेबांचाही आला. त्यांना निकाल मान्य होता, पण धोट्याचा आवाज फार मोठा होता.

पुढचे येथेच सांगून टाकतो. लोकांनी दुसरा भाग मागितला. बायांनी केला. मग तिसरा. ज्या मालिकेला मुंबईने अर्ध्या वाक्यावर बंद केले, तिच्यापासून निघालेली ही गोष्ट सानगडीच्या मागाच्या खोलीतून, घरोघर नवे डबे येऊन माझी वाहिनी बंद होईपर्यंत चालू राहिली. खंड पडे तो धान रोवण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत. हे सारे मोजणारी पेटी तेव्हाही आमच्याकडे नव्हती. गरजही उरली नव्हती. कोण पाहते, हे बाजारात निघाले की बायांना कळत असे. साकोलीच्या बाजारात एका भाजीवालीने गोदावरीबाईंना "सुनेले बोलता ना तुमी!" म्हणून वांगी द्यायचे नाकारले होते. त्या ते फार अभिमानाने सांगत.

परंतु मला सर्वांत स्पष्ट आठवतो तो निकाल दाखवल्याच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. पुढे काय दाखवायचे, ते ठरवायला मी कौसल्याबाईंकडे गेलो होतो. भारनियमन होते, आणि ट्रॅक्टरची बॅटरी शेतावर गेलेली; टीव्ही बंद. तरी खोली भरलेली. गोदावरीबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या घरीच राहिल्या होत्या. रेखा आली होती. एकटी. ती खिडकीपाशी बसून कांड्या भरत होती आणि दुसऱ्या भागात मालिनीने काय करावे, यावर इतरांशी वाद घालत होती.

तेवढ्यात दारात दामोधरजी आले. रहाट थांबले. रेखाने डोक्यावर पदर घेतला, पण जागची उठली नाही. सुनेला परत न्यायला ते आले आहेत, असेच सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

दामोधरजींनी चपला काढल्या आणि प्रथमच आत आले.

"कालचं पाह्यलं," ते म्हणाले. "बोलणं ठीक होतं. पण गोदीची चाल चुकली."

"काय चुकली?" कौसल्याबाईंनी विचारले.

"सासू अशी चालत नसते. सासू कोर्टात येते तं आधी पदर खोचते, मंग कंबरेवर हात, मंग मान. आमच्या दंडारीत सासू आली का लोकं सरकून बसत होते."

"बोलून काय समजते? दाखव."

आणि मोहल्ल्यातले ते वजनदार व्यापारी, धोतर सावरून, खांद्यावरचे उपरणे पदरासारखे घेऊन मागाच्या खोलीत चालू लागले. चाल खरोखर अव्वल होती. बाया हसल्या, मग हसायच्या थांबून नीट पाहू लागल्या. एकदोघी उठून त्यांच्या मागे चालून बघू लागल्या. दामोधरजी रंगात आले. सासू झाली, मग नणंद, मग त्यांनी वकिलाचा विषय काढला. वकिलाशिवाय कोर्ट म्हणजे काय, असे ते म्हणू लागले आणि वकील कसा उभा राहतो ते दाखवायला मागाजवळ गेले.

रेखाने भरलेल्या कांड्या टोपलीत ठेवल्या, रहाट उचलला आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"मामाजी, आमचा टाइम झाला," ती म्हणाली. "उद्या दोन वाजता याजा."

दामोधरजींनी उपरणे खांद्यावर नीट केले. "येतो ना," ते म्हणाले, आणि तिला वाट देण्यासाठी बाजूला झाले.